‘फिटेपर्यंत बायकोला सांगू नका’ : कर्जाविषयीच्या एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर मला या महिन्यात तीनदा आला. त्याचा आशय असा : कर्त्या पुरुषाने स्वतःच्या कर्जाची गोष्ट ते फिटेपर्यंत घरात काढू नये, कारण सगळ्यांची झोप उडते, कायद्याने बायको त्या कर्जाला बांधील नसतेच, बोनस आणि पगारवाढीतून ते गुपचूप फिटते, अडलेच तर घरातले सोने तारण ठेवून नंतर सोडवावे, आणि सांगितले की गोष्ट माहेरी जाते. मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काढली आहेत. हा सल्ला मानणाऱ्यांची प्रकरणे शेवटी आमच्याच टेबलावर येत, म्हणून हे लिहितो आहे.

झोपेचा मुद्दा आधी निकालात काढू. हप्ता थकला की वसुलीचे फोन सुरू होतात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये आणि घरच्यांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावले आहे. परंतु नोटीस घरच्याच पत्त्यावर येते आणि कर्जाच्या अर्जात ‘संदर्भ’ म्हणून बहुतेकांनी बायकोचाच नंबर दिलेला असतो. म्हणजे तिला कळायचे ते कळतेच, फक्त नवऱ्याऐवजी परक्या माणसाकडून, आणि तेही कुकरची शिट्टी होत असताना.

कायद्याबाबत सल्ला लिहिणाऱ्याने अर्धेच खरे सांगितले आहे. नवऱ्याने एकट्याच्या नावावर घेतलेल्या वैयक्तिक कर्जाला बायको केवळ बायको म्हणून जबाबदार नसते, हे बरोबर. पण घरकर्जात ती बहुधा सहकर्जदार असते, आणि कुठे जामीनदार म्हणून तिची सही असेल तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे तिची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. नवरा वारला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 नुसार, त्याच्या मालमत्तेतून जेवढे वारसांच्या हाती आले तेवढ्या मर्यादेत कर्ज देणारे त्यातून वसुली मागू शकतात. ज्या फ्लॅटच्या आणि ठेवींच्या भरवशावर ती उभी राहणार, त्यावर किती बोजा आहे हे तिला त्या दिवशी कळावे, यात कसली काळजी आली? सूक्ष्मवित्त कर्जांसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या छोट्या विनातारण कर्जांसाठी, रिझर्व्ह बँकेने केलेली व्याख्याही पाहण्यासारखी आहे : नवरा, बायको आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब, आणि त्या सगळ्यांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. नवऱ्याने लपवलेला हप्ता बायकोच्या अर्जाला असा आडवा येतो.

‘गुपचूप फिटते’ हे तर आकडेमोडीतच टिकत नाही. क्रेडिट कार्डावर एक लाख थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असे धरा. 3,500 रुपये व्याज, त्यावर 18 टक्क्यांनी 630 रुपये जीएसटी. तुम्ही 5,000 भरलेत तर मुद्दल कमी झाले 870 रुपयांनी. याहून मोठी रक्कम भरायची तर ती घरखर्चातूनच निघणार, आणि घरखर्च ज्या दोघांच्या हाती आहे त्यांतल्या एकालाच कारण ठाऊक असेल तर दिवाळीची खरेदी, मुलांची सहल, नवा फ्रिज हे सगळे ठरल्याप्रमाणेच चालू राहते.

सोन्याचा सल्ला मात्र सगळ्यांत घातक आहे. आमच्याकडे एक बाई हातात सोनेतारणाची पावती घेऊन आल्या. भाच्याच्या लग्नासाठी पाटल्या काढायला त्यांनी कपाट उघडले, तर डबीत पाटल्यांऐवजी आमची पावती. यजमानांनी 60,000 उचलले होते आणि फक्त व्याज भरून दोनदा नूतनीकरण केले होते. बाईंनी आवाज चढवला नाही, एवढेच म्हणाल्या, “मला विचारले असते तर मी नाही म्हटले असते का?” मग त्यांनी स्वतःचे पासबुक पुढे केले. आमच्याच संस्थेत त्यांच्या आवर्त ठेवीत 48,000 जमा होते, व्याज 7 टक्के; यजमान मात्र दोन खिडक्या पलीकडे 12 टक्के भरत होते. ठेव मोडून, वर थोडी भर घालून चौथ्या दिवशी पाटल्या सुटल्या. राहिला कायदा : लग्नात स्त्रीला मिळालेले दागिने हे स्त्रीधन असून ते तिच्या एकटीच्या मालकीचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. ‘घरातले सोने’ म्हणताना सल्ला देणारा कुणाचे सोने म्हणतो आहे, हे त्यानेच सांगावे.

माहेराच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. उलट बचत गटाचे किंवा भिशीचे देणे नवऱ्यापासून लपवणाऱ्या बायकाही मी पुष्कळ पाहिल्या, आणि त्यांची कारणे हुबेहूब हीच होती. जिथे सांगितल्यावर मारहाणीची भीती आहे, तिथली गोष्ट निराळी. तिथे आधी विश्वासातल्या माणसाला सोबत घ्यावे.

सांगायचे तर सगळे एकदम सांगावे. आज कार्ड, पुढच्या महिन्यात ॲपवरचे कर्ज, मग मित्राकडचे उसने, असे तुकड्यांनी बाहेर आले की दुसऱ्या तुकड्यानंतर कुणी विश्वास ठेवत नाही. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या, सिबिलसारख्या देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो दोघांनी शेजारी बसून काढावा, म्हणजे बँकांचे आणि वित्तसंस्थांचे काही सुटत नाही, आणि त्यात न दिसणारे उसने हाताने खाली लिहावे. प्रत्येक देण्यासमोर शिल्लक, व्याजदर आणि हप्त्याची तारीख मांडावी. किमान हप्ते सगळ्यांचे भरावेत आणि उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जावर टाकावा. पगार एक तारखेला आणि हप्ता पंचवीसला असेल, तर हप्त्याची तारीख पाचवर आणता येते का, हे बँकेत अर्ज देऊन विचारावे. तो अर्ज घेऊन आलेले जोडपे आमच्या टेबलाशी बसले की आम्ही फाईल जरा निश्चिंत मनाने उघडत असू.