नगांवरून हिशेब चुकतो

'हार्ड डिस्कचे नग घटताहेत, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांचीही वाढ संपली' हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. लॅपटॉपच्या अडीच इंची ड्राइव्हमध्ये एक-दोन प्लॅटर (डेटा साठवणाऱ्या फिरत्या चकत्या) आणि दोन ते चार हेड (डेटा लिहिणारे-वाचणारे भाग) असायचे. डेटा सेंटरच्या मोठ्या ड्राइव्हमध्ये १० प्लॅटर, २० हेड. मोटर मात्र दोन्हीकडे एकच! म्हणजे नग घटल्याचा थेट फटका निडेकसारख्या मोटरवाल्यांना. हेडवाली टीडीके किंवा प्लॅटरवाली रेझोनॅक यांचं गणित वेगळंच.

आणि हॅमरबद्दल (HAMR, म्हणजे चकतीवरची जागा क्षणभर तापवून डेटा लिहिण्याचं तंत्र) लेखात एक ओळही नाही, हे जास्त खटकलं. त्यात प्रत्येक हेडवर लेसर लागतो. शिवाय प्लॅटर बनवताना त्यावर लोह-प्लॅटिनमचा चुंबकीय थर इतक्या जास्त तापमानाला चढवतात की ॲल्युमिनियमच्या चकतीवरचा निकेल-फॉस्फरसचा लेप चुंबकीय होऊन बसतो, म्हणून काचेची चकती घ्यावी लागते. ही मागणी होयासारख्या काचवाल्यांकडे वळते. धोका असलाच तर इथे आहे: प्लॅटरमागे ३ टीबीचे ४ टीबी झाले, की तेवढ्याच साठवणुकीला पाव हिस्सा प्लॅटर आणि हेड कमी लागतात. साठवणुकीची मागणी घनतेपेक्षा वेगाने वाढली, तरच या पुरवठादारांचे नग वाढतील.