गुप्त चौकशी : ग्राहकाने पाळायची पथ्ये

डब्यावर 'शुद्ध' छापलंय आणि आतलं तूप फोडणीत टाकल्यावर डालड्याचा वास मारतंय. तक्रार करायची म्हणता? जरूर करा. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरला फोन लावा, नाहीतर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 16 चा आधार घेऊन थेट कलेक्टरांकडे अर्ज द्या. अर्जावर नाव, पत्ता, मोबाइल नंबर मात्र ठळक अक्षरांत लिहा. दुकानदाराला वाचताना त्रास व्हायला नको.

नाव गुप्तच राहतं, घाबरू नका. सकाळी अर्ज दिलात तर संध्याकाळपर्यंत ते आवक-जावकचे बाबू, त्यांचे मेहुणे, दुकानदार आणि इंदूरच्या रामबागेतली निम्मी मराठी मंडळी एवढ्यांनाच ठाऊक असतं. इथल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाताना मागून आवाज येईल, ''काय काका, आमचं तूप मानवलं नाही वाटतं?'' हसून वेळ मारून न्या. विश्वासाने खबर देणाऱ्याची ओळख झाकण्याची सोय माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मध्ये आहे, हे तिथे सांगत बसू नका. पोहे गार होतात.

नमुना घेतला की त्याचे चार भाग होतात, सील लागतं, आणि अन्न विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावा असं कायदा म्हणतो. तो अहवाल तुम्हाला हवाय? माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपये भरा, 30 दिवस थांबा. उत्तर येईल : 'तपास सुरू असल्याने माहिती देता येत नाही.' नुसता तपास सुरू आहे हे कारण पुरत नाही, माहिती दिल्याने त्यात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगून ठेवलंय. त्या निकालाची झेरॉक्स साहेबांना देऊ नका. फाइलला लागली की तीही गोपनीय.

दुसरं उत्तर, व्यापारी गुपित. रास्तच आहे. तुपात पाम तेल किती घालायचं हे शेजारच्या दुकानदाराला कळलं तर बिचाऱ्याने धंदा कसा करायचा? म्हणून माहिती अधिकाराच्याच कलम 11 प्रमाणे त्यालाच विचारतात, तुमची माहिती देऊ का? उत्तराला 10 दिवस मिळतात. 'नको' ही दोन अक्षरं लिहायला तेवढे लागतातच.

कलम 10 म्हणतं, गोपनीय तेवढं झाकून बाकीचं द्या. असा एक कागद मी पाहिलाय. पानभर काळी शाई, वर तारीख, खाली 'आपला विश्वासू'. सहीवरही शाई.

आता गुप्तता मुळीच नको असं कोण म्हणेल? छाप्याची दवंडी पिटून चालत नाही, आणि निर्दोष दुकानदाराची फुकट बदनामीही नको. म्हणून तर छाप्याची खबर फक्त दुकानदारालाच देतात.

एवढं होऊनही हौस फिटली नसेल तर 30 दिवसांत पहिलं अपील करा, त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडे. सुनावणीची तारीख तुम्हाला कळली नाही तर दुकानात विचारा. त्यांच्याकडे लिहून ठेवलेली असते.