जुनी गाडी पासिंगला नेताना

गाडी आरटीओत पासिंगला न्यायची ठरली की ब्रेक तपासत बसणारे लोक मला फार भोळे वाटतात. तुमच्या येझदीचे, म्हणजे मैसूरला बनलेल्या त्या जुन्या मोटारसायकलचे, ब्रेक कसे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, लक्ष्मी रोडवरच्या पादचाऱ्यांनाही ठाऊक आहे. त्यात नव्याने कळण्यासारखं काही नाही. वेळ घालवायचाच तर चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला गाडीचा नंबर, शोधण्यात घालवा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली १५ वर्षं चालतं, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठीच हे पासिंग. मागच्या नूतनीकरणाला स्वच्छ दिसलेला नंबर मधल्या काळात तुम्ही हौसेने करून घेतलेल्या पावडर कोटिंगखाली गडप झालेला असतो. तो घासून वर काढा, अर्जासाठी त्याचा ठसा घ्यायला वर कागद धरा आणि पेन्सिल फिरवा. ३ चा ८ उमटला तर गाडी तुमचीच आहे का, अशी शंका शासनाला येऊ शकते, तेव्हा हे काम स्वतः करू नका. घरात चित्रकलेची इलिमेंटरी दिलेलं कोणी असेल तर त्याला बसवा. बी ग्रेड चालेल.

मग रंगाचा प्रश्न. आरसी बुकात ‘काळा’ आहे आणि गाडी मरून. मैसूरच्या कारखान्यातून ती मरूनच निघाली होती, मधल्या मालकाने काळी करून तशी नोंद केली आणि तुम्ही रंगाऱ्याच्या डोक्यावर बसून मूळ छटा परत आणलीत, हा इतिहास इन्स्पेक्टरसाहेबांना सविस्तर ऐकवा. त्यांच्यामागे चाळीस रिक्षा उभ्या असतील, पण इतिहासाची आवड कोणाला नसते?

पीयूसीच्या बाबतीत मात्र शासन मनाने मोठं आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत माफ. मैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडल्यामुळे झाडून सगळ्या जुन्या येझदी या सवलतीत बसतात. अडचण एवढीच, की मोजणी आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन आपलं आपण चालू असताना, होते. येझदी आयडलिंगवर उभी राहील असं ज्याने गृहीत धरलं, त्याच्या आशावादाला लांबूनच नमस्कार करावा. या टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल त्या दिवसापुरतं कमी घाला, म्हणजे धूर कमी. इंजिन जॅम होईल, पण तोवर सर्टिफिकेट हातात पडलेलं असेल.

(नव्या मॉडेलांची कसून परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. तिकडे चुकूनही गाडी नेऊ नका. चढावरच निकाल लागेल.)

वायरिंग सहा व्होल्टचं आहे हे विसरू नका. लाइट दाखवा म्हणाले की रेस वाढवा, हॉर्न वाजवा म्हणाले की लाइट गुपचूप बंद करा. दोन्ही एकदम दाखवा म्हणणारा साहेब सहसा भेटत नाही. भेटलाच तर तो स्वतः कधीकाळी येझदीवाला होता असं समजून थेट पाय धरा.

नियमाप्रमाणे आरसा लागतो, साडी गार्ड लागतं. कंपनीने दिलेलं साडी गार्ड तुम्ही ‘लुक बिघडतो’ म्हणून काढून भंगारात घातलंत, आता तेच शोधत नाना पेठेतून जुन्या बाजारात आणि जुन्या बाजारातून पुन्हा नाना पेठेत फिरा. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तुमची अपॉइंटमेंट मंगळवारची असते. आरसे विकत घेणं हा तर शुद्ध वेडेपणा. गावातल्या जावा-येझदीवाल्यांत आरशांची एक जोडी फिरत असते, तिचा नंबर लावून ठेवा.

खर्चाकडे काटकसरीने बघू नका. नूतनीकरणाची फी ३०० रुपये होती, एप्रिल २०२२ मध्ये १००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकीला २०००. ग्रीन टॅक्स निराळा. मुदत चुकली तर महिन्याला ३०० रुपये दंड. क्रोमवर याच्या कितीतरी पट उडवलेत, तेव्हा घरात कोणी काही बोललं का? बोललं असेल, पण तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण सायलेन्सर मूळ आहे.

गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल तर २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा एक शाही मार्ग उघडला आहे. २०,००० रुपये भरा, गाडी मूळ रूपात असल्याचं समितीला पटवा आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिरवा. हे रजिस्ट्रेशन १० वर्षं चालतं. अट अशी, की रोजच्या वापराला गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच काढायची. म्हणजे आजवर तुमची गाडी जिथे जिथे गेली, तिथे तिथे जायला आता कायद्याचीही मुभा.

साहेबांना स्वतः चक्कर मारून बघायची हुक्की आली तर घाबरू नका, उलट आग्रह करा. येझदीला किक वेगळी नसते, गिअरचीच दांडी आत दाबून वर फिरवायची असते. हे त्यांना सांगू नका. जरा वेळ वाकून शोधतील, मग घड्याळ बघतील. बुलेट नेली असेल तर अजून सोपं. जुन्या बुलेटला उजव्या पायाखाली गिअर आणि डाव्या पायाखाली ब्रेक. साहेब सवयीने उजवा पाय दाबतील, गिअर पडेल आणि गाडी त्यांना घेऊन सरळ रिक्षांच्या रांगेकडे निघेल. परत आल्यावर ते ब्रेकविषयी काही विचारणार नाहीत. पाणी मागतील, बाटली जवळ ठेवा.

सही झाली की आवारातच पाना काढून आरसे सोडवायला लागू नका, बरं दिसत नाही. गेटबाहेर या, चहाच्या टपरीशी गाडी लावा आणि तिथे सोडवा. पुढचा येझदीवाला पाना घेऊनच उभा असेल. त्याचा स्लॉट साडेअकराचा आहे.