घाटी न दिसण्याची तयारी

गोव्यात, म्हापशाला नववीत शिकत असशील आणि गाव आजऱ्याच्या पलीकडे असेल, तर आधी ते गाव विसर. कुणी विचारलंच तर मान ताठ ठेवून "आमी हांगाचींच" म्हणायचं. मे महिन्यात एसटीत ओकत ओकत आंबोली चढलीस, हे शाळेत "हिल स्टेशनला गेलेले" असं सांगायचं. पाण्याला उदक म्हणायचं. झोपेत पाणी मागितलंस, तर मात्र इलाज नाही.

मग डबा. आई पहाटे उठून भाकरी थापते, वर लसूण घातलेला हिरवा ठेचा. डबा स्टीलचा, झाकणावर आजीचं नाव कोरलेलं, तिच्या लग्नात आलेला. नावावर अंगठा ठेवून तो उघडावा आणि वास मागच्या बाकापर्यंत पोचायच्या आत निम्मी भाकरी संपवावी. धोका एकच. शेजारची तिच्या पोईचा, म्हणजे गव्हाच्या पावाचा, तुकडा त्या ठेच्यात बुडवते, नाक ओढत विचारते, "आनीक आसा?" तेव्हा छाती फुगायला लागली तर लगेच खोकावं.

पालकसभेला बाबांना पाठव. ते निदान बोलत नाहीत. आई फाटकातूनच "अगं ए, वेणी सुटलीया बघ की!" म्हणते, आणि तिचा आवाज गडहिंग्लजच्या बाजारात तयार झालेला आहे.

नागरिकशास्त्रात १९८७चा राजभाषा कायदा येईल. राजभाषा कोंकणी, आणि सरकारी कामात मराठीही वापरता येते. हे शिकवत असताना वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत बसावं. कुणी वळून पाहिलं तर तुझं पेन खाली पडलेलं असतं.

खरी परीक्षा चवथीला. मैत्रिणीच्या घरी गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली सगळे उभे, झांजा सुरू. वर्षभर तुला "घाटी" म्हणणारा तिचा भाऊच "सुखकर्ता दुःखहर्ता" उचलतो. (कुठल्या भाषेत, हे त्याला विचारायचं नाही. सणासुदीला भांडण नको.) "रत्नखचित फरा"ला त्याची गाडी अडते. तू ओठ घट्ट मिटून ठेव. आजीने मांडीवर बसवून शिकवलेली सगळी कडवी घशाशी आली, तरी गिळ.

नाही जमलं? गायलीस? तेही आईच्या आवाजात?

असू दे. आता नेवऱ्यांचं ताट पुढे करत मैत्रिणीची आई विचारेल, "गांव खंयचो गो तुजो?" उत्तर पाठ आहे ना? मग आजऱ्याचं नाव कोण घेतंय?