मूल आईजवळच हवं, पण आई फडात आहे

सप्रेम नमस्कार,

प्रत्येक वस्तीत दिवसभराचं पाळणाघर हवं, या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसणार नाही. तुमचे मुद्दे थोडक्यात असे : तीन वर्षांपर्यंत मुलाची जागा आईच्या, नाहीतर आजीच्या मांडीवर, ती दुसऱ्या कुणी घेऊ नये. अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि रजिस्टरं, शिक्षणाच्या नावाने शून्य. त्यापेक्षा गल्लीतली इंग्रजी नर्सरी बरी, निदान एबीसीडी तरी येते. वस्तीतल्या सातवी-आठवी शिकलेल्या बायका काय बालशिक्षण देणार? आणि शेवटी, उद्या एखाद्या मुलाचं बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?

पहिल्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत.

आईच्या मांडीबद्दल आपलं भांडणच नाही. ज्या घरात आई आहे, आजी आहे, आणि त्यांना मुलाजवळ बसायला सवड आहे, त्या घरातून मूल उचलून पाळणाघरात ठेवा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. माझा लेख ज्या आईबद्दल होता ती वेगळी आहे. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत दोघांनाही फडात उभं राहावं लागतं. पहाटे अंधारात निघायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. गाडी कधी येईल याचा नेम नाही, रात्रीही येते. सव्वा वर्षाचं मूल या सगळ्यात कुठे असतं? एक तर बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात, नाहीतर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

अशी एक मुलगी मी जवळून पाहिली आहे. बाळ इतका वेळ कडेवर की तिची चालच एका अंगाला कललेली. आईने पहाटे करून ठेवलेला भात ती दुपारी बोटांनी कुस्करून भरवायची, बाळाने तोंड फिरवलं की उरलेला स्वतः खायची. बाळ पाण्याच्या पिंपाकडे रांगत गेलं की एका हाताने ओढून आणायची. रडायला लागलं की हलवत हलवत कोपीभोवती फेऱ्या मारायची, गप्प झालं की तीही बसल्या जागी पेंगायची. मायेत ती कुठेच कमी नव्हती. पण ती स्वतः लेकरू होती आणि तिची शाळा मागे गावात राहिली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा ठासून लिहिते : कष्टकरी घरांत पाळणाघर आईची जागा घेत नाही. ते त्या मोठ्या बहिणीची जागा घेतं. नाहीतर बंद दाराची, किंवा दारू पिऊन पडलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या 'लक्ष ठेवतो'ची. तुलना करायचीच असेल तर याच्याशी करा. शहरातही हेच आहे. तुमच्या घरी नातवंडाला सांभाळायला मावशी येतात असं तुम्ही लिहिलंय. त्या सकाळी घरातून निघतात तेव्हा त्यांचं धाकटं कुणाजवळ असतं, हे त्यांना एकदा विचारा, ही कळकळीची विनंती.

ही गोष्ट बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखली होती. १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू झालं तेव्हा नीटनेटकी बालवाडी होती, पण गरीब वस्तीतली मुलं तिथवर येईनात. मग बालवाडीच वस्तीत गेली, कुणाच्या तरी अंगणात. आधी मुलांची तोंडं धुवायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे, पानं हीच साधनं झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांतली मुलं शाळेत का येत नाहीत हे पाहिलं, तर कुणी गुरं राखत होतं, कुणी धाकटं भावंडं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. आणि भावंडं राखणाऱ्यांसाठी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. मला या कामातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं की त्यांनी मुलीला 'भाऊ घरी ठेवून ये' असं सांगितलं नाही. भावासकट ये म्हणाल्या.

आपल्या कायद्यांनाही हे कळलेलं आहे, निदान कागदावर. १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यात, पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर त्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची, असं लिहिलेलं होतं. संघटित नोकरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. कोयत्यावरच्या बाईचं बाळ मात्र दोन-अडीच महिन्यांचं असतानाच फडाच्या बांधावर येतं.

एका बाबतीत तुमची भीती अगदी रास्त आहे. वाईट पाळणाघर मुलाचं नुकसान करतं. वीस तान्ह्यांमागे एक दमलेली बाई, दर महिन्याला बदलणारे चेहरे, मुलं गप्प राहावीत म्हणून लावून ठेवलेला टीव्ही, हे मलाही नको आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला थोड्याच ओळखीच्या माणसांचा सहवास लागतो. ते 'बू' म्हणालं की कुणीतरी त्याच्याकडे पाहून 'बू? पाणी हवं?' म्हणावं लागतं. हे दिवसात शेकडो वेळा घडतं तेव्हा मूल बोलायला, भरवसा ठेवायला शिकतं. म्हणून पाळणाघर छोटं, वस्तीतलंच आणि ओळखीच्या बाईचं असावं, हा माझा आग्रह.

आता खिचडीबद्दल. हा शब्द तुम्ही ज्या सुरात लिहिलात त्याचं वाईट वाटलं. सहा महिने ते दोन वर्षं हा कुपोषण शरीरात मुरण्याचा काळ. या वयात पोट एवढंसं असतं, एका वेळी वाटीभरही जात नाही, त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो तो तीन ते सहा वयाच्या मुलांना. तीन वर्षांखालच्यांना टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा शिधा. पाकीट घरी जातं, पण ते दिवसातून पाच वेळा शिजवून भरवणारं माणूस घरी नसतं. मेळघाटातल्या कुपोषणावर दर पावसाळ्यात बातम्या येतात, नवे आहार जाहीर होतात. भरवणार कोण हे क्वचित विचारलं जातं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने याच प्रश्नाला हात घातला. गावातलीच बाई, सहा महिने ते तीन वर्षांची थोडी मुलं, दिवसभर सांभाळ आणि पुन्हा पुन्हा भरवणं. त्याला 'फुलवारी' म्हणतात. पुढे सरगुजात सरकारनेही फुलवाऱ्या काढल्या, त्या मुलांच्या आयाच पाळीपाळीने चालवत. खिचडी तिथेही शिजते. फरक एवढाच की ती मुलाच्या पोटात जाते.

अंगणवाडीत शिकवणं कमी होतं, ही तुमची तक्रार बरीचशी खरी आहे. पण दोष सेविकेच्या माथी मारू नका. २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत अंगणवाडीची योजना सुरू झाली तेव्हापासून सेविकेवर सहा सेवांचा भार आहे : आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आयांना आरोग्याची माहिती, आणि त्यातच पूर्वप्राथमिक शिक्षण. वजनं घ्या, उंची मोजा, गरोदर बायकांच्या घरी जा, सर्व्हे करा, पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर सगळं भरा, आणि नेटवर्क नसेल तर रेंज शोधत फिरा. गोष्ट सांगायला बसलं की पर्यवेक्षिकेचा फोन येतो. तमिळनाडूत संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली : काही अंगणवाड्यांत शिकवण्यासाठी अर्ध्या वेळेची एक जादा बाई नेमली, बस. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि कुपोषणही कमी झालं, कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याच्या कामाला मोकळा वेळ मिळाला. खर्चाच्या मानाने फायदा कितीतरी मोठा निघाला. एवढं असूनही आपण या बायकांच्या पगाराला आजही मानधन म्हणतो. त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं.

नर्सरीवर थोडंच लिहिते. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघी वहीत ए गिरवून घेणं याला मी शिक्षण मानत नाही. त्या वयात बोटांची पकडच तयार झालेली नसते. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतणं, यातून ती होते. एबीसीडी पाठ होते म्हणून आईबापांना शिकल्यासारखं वाटतं आणि फी भरली जाते. पाड्यावरच्या किंवा तांड्यावरच्या मुलासाठी तर हे दुहेरी ओझं, कारण त्याच्या घरात कोरकू, वारली नाहीतर गोरमाटी बोलतात आणि त्याला अजून मराठीही परकी असते. शिवाय आपला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. त्याखालच्या मुलांसाठी २००९ च्या कायद्यात शासन 'आवश्यक ती व्यवस्था करू शकेल' अशा धर्तीचं एक कलम आहे, पण मुलाच्या हातात हक्क नाही. त्यामुळे गल्लीत कुणीही पाटी लावून नर्सरी काढू शकतो.

सातवी शिकलेल्या बाईच्या मुद्द्यावर मात्र मी जराही मागे हटणार नाही. जमैकात, किंग्स्टन शहरात, १९८० च्या दशकात वाढ खुंटलेली १२९ मुलं एका अभ्यासात होती. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एक तास, एक आरोग्यसेविका जायची. ती बालशिक्षणाची पदवीधर नव्हती, साधं प्रशिक्षण घेतलेली होती. रिकाम्या डब्यांसारख्या वस्तूंतून केलेली खेळणी घेऊन जायची आणि मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे आईला करून दाखवायची. वीसेक वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. पदवीने बिघडत नाही, पण तिच्यावाचून अडतही नाही. अडतं ते प्रशिक्षण एकदाच देऊन सोडून दिलं की. महिन्याला कुणीतरी येऊन शेजारी बसणारं हवं, 'आज हे मूल का बोललं नाही, बघू या का' असं विचारणारं.

एका अंगणवाडीतल्या मदतनीस ताई मला आठवतात. वाढताना त्या प्रत्येक मुलाला विचारायच्या, 'तुझ्या ताटलीत वाटाणे किती आले?' मुलं घास थांबवून मोजायची, शेजाऱ्याच्या ताटलीत डोकावून 'त्याला जास्त आले' म्हणायची. मग ताई म्हणायच्या, 'किती जास्त?' मोजणी, तुलना, वजाबाकी, सगळं जेवताना. त्यांना हे कुणी शिकवलं होतं की आपसूक सुचलं, ते मी विचारलं नाही. पण राज्याच्या अंगणवाड्यांसाठीच्या 'आकार' अभ्यासक्रमात जे लिहिलं होतं ते त्या हातातल्या वाढायच्या डावाने करत होत्या.

राहता राहिली जबाबदारी. हा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलात, पण वस्तीत बैठक घेतली की आया तो आधी विचारतात, आणि विचारायलाच हवा. एकटी बाई कधीच नको, कायम दोघी हव्यात. मूल कुणाच्या हाती द्यायचं त्यांची नावं लिहिलेली हवीत. पाण्याची भांडी झाकलेली, चूल मुलांच्या खोलीपासून लांब, आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर भिंतीवर. वेळ ठरवायची ती कामावर जाणाऱ्या बायकांनी, कार्यालयाने नव्हे. आई पहाटे जाते आणि केंद्र दहाला उघडतं, असं असेल तर त्या केंद्राचा तिला उपयोग काय? आणि हिशेब-तक्रारींसाठी मातांची समिती असावी, जी खरोखर दर महिन्याला बसते. जबाबदार कोण याचं उत्तर त्या समितीच्या वहीत सह्यांनिशी लिहिलेलं असेल, ग्रामपंचायत आणि सरकारी खातंही त्यात बांधलेलं असेल. आज ती सगळी जबाबदारी त्या सात वर्षांच्या मुलीवर आहे, आणि ती तिच्यावर कुणी टाकली हे कुठेच लिहिलेलं नाही.