पाच लाखांत न बसलेला गुडघा

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. एकच गाळा, मध्ये पडदा ओढून दोन केलेला. दोन टेबलं, दुखणं कमी करायला करंट देणारं एक आयएफटी मशीन, उपचाराचं एक अल्ट्रासाऊंड (सोनोग्राफीचं नव्हे) आणि एक म्हातारी सायकल, जिला पेडल मारलं की ती पेशंटच्या आधी कण्हते. परवा एका नातेवाइकांनी विचारलं, "आता सरकार पाच लाखांपर्यंत उपचार फुकट करतंय, तुमची चांदी असेल!" चहा संपेपर्यंत उत्तर संपलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात एक यंत्रमाग कामगार आला, पस्तिशीचा. दुचाकी घसरून मांडीचं हाड मोडलेलं. मिरजेत ऑपरेशन झालं, हाडात रॉड बसला, सगळं सरकारी योजनेतून. हे मी मनापासून मानते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती. आज तीच महात्मा फुले योजना आयुष्मान भारतशी जोडून पाच लाखांची झालीये आणि कोणत्या रंगाचं रेशनकार्ड हा प्रश्नही मागे पडलाय. रॉडसाठी त्याला शेत विकावं लागलं नाही.

डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ होती: फिजिओथेरपी. किती दिवस, कुठे, कोणाच्या पैशानं, काही नाही.

माझ्याकडे आला तेव्हा सात आठवडे उलटले होते. सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर लावला तर गुडघा ३५ अंशांवर अडलेला. खुर्चीत नीट बसायला नव्वदच्या आसपास लागतात, उकिडवं बसायला सव्वाशेच्या पुढे. शेक दिला, वाटी सैल केली, मग टेबलाच्या कडेला बसवून इंच इंच वाकवणं. तो दात आवळून पंख्याकडे बघायचा. सहाव्या सिटिंगला ४८ आले. स्वतःच वाकून काटा बघितला आणि हसला. सातव्या दिवशी आला नाही.

फोन केला तर बायको म्हणाली, "मॅडम, तीनशे तुमचे, दीडशे रिक्षाचे, वर माझी हजेरी बुडती." मी दोनशे केले. रिक्षा दीडशेच राहिली. सिव्हिलला फुकट होतं, पण ते सांगलीला. हा गुडघा घेऊन रोज एसटीनं?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या बहुतेक योजना पलंगाला बांधलेल्या आहेत. पेशंट पलंगावर आहे तोवर पैसा, उतरला की त्याचा तो. खाजगी विम्याचंही तेच. बहुतेक वेळा चोवीस तास ॲडमिट असाल तर बोला. डिस्चार्जनंतरची फिजिओथेरपी काही पॉलिसींत मिळते, पण त्यासाठी सर्जनची चिठ्ठी, माझा नोंदणी क्रमांक आणि प्रत्येक तारखेची पावती लागते. गेल्या वर्षी एका काकांचा क्लेम एका विमा कंपनीनं परत पाठवला, कारण चिठ्ठीवर "दहा सिटिंग" होतं आणि पावत्या बारा.

"रोज येऊन रोज जाणाऱ्या पेशंटला योजना कशी देणार?" असं कोणी म्हणालं की मी डायलिसिस दाखवते. तिथेही माणूस ठरलेल्या दिवशी येतो, चार तास झोपतो, घरी जातो. योजना पैसे देतेच ना? मग ज्या पॅकेजमध्ये रॉड आहे त्यातच बारा सिटिंग का बसत नाहीत, पेशंटच्या गावाजवळच्या नोंदणीकृत फिजिओकडे?

उद्या हे खरंच झालं तर योजनेत यायला मी सही करेन का, हे मात्र मी स्वतःलाच विचारते. योजनेचे पैसे उशिरा येतात अशी ओरड मोठी हॉस्पिटलं करतात. त्यांना तीन महिने थांबता येतं. माझ्या गाळ्याचं भाडं पाच तारखेला जातं, मशीनचा हप्ता सात तारखेला. पोर्टलवर फोटो चढवायला, फेटाळलेल्या फाइलींमागे लागायला त्यांच्याकडे वेगळा माणूस असतो. माझ्याकडे तो माणूसही मीच, तेच हात गुडघा वाकवणारे. त्यामुळे पैसे महिन्याच्या आत आणि कागद एका पानात, एवढं असेल तरच.

सुधारणा म्हणून आमच्या वाट्याला आला तो २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा, म्हणजे फिजिओंसारख्यांच्या नोंदणीचा, कायदा. हवाच होता. पण नोंदणीची तपासणी नोंदणी केलेल्याचीच होते. रस्त्यापलीकडे "मणका बसवून मिळेल" अशी पाटी आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर आम्ही नावाआधी "डॉ." लावायचं नाही असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र ९ तारखेला निघालं आणि १० तारखेला मागे घेतलं. दोन दिवस आमचे ग्रुप पेटलेले. माझे पेशंट मला "करंटवाल्या मॅडम" म्हणतात, त्यांना काही फरक पडला नाही.

तो कामगार मागच्या सोमवारी बाजारात दिसला. भावाच्या मोटारसायकलवर मागे बसलेला, डावा पाय बाहेर सरळ काढून. गर्दीतली माणसं त्या पायाला वळसा घालून जात होती. मला बघून हात केला. "येतो मॅडम, दिवाळीचा बोनस झाला की."