मागच्या हाताची मेंदी आणि अर्धी रजा

तळहातावर मेंदी काढलेल्या बाईला घरात भरपगारी रजा मिळते. तिला कुणी पाणी पाजतं, कुणी घास भरवतं, कपाळावर आलेली बट मागे सारायलासुद्धा माणूस धावतं. मागच्या हातावर मेंदी काढलेल्या बाईच्या वाट्याला मात्र वर्क फ्रॉम होम येतं. "तळहात तर मोकळाच आहे ना तुझा!" एवढं एक वाक्य पुरतं. त्यावर अपील नाही. हा नियम कुठल्या पोथीत लिहिलेला नाही, पण आमच्या डोंबिवलीच्या घरात तो कुळाचारासारखा पाळला जातो.

मग तळहातावरच का काढत नाही, असं कुणीही विचारेल. कारण आमच्या ऑफिसातलं हजेरीचं यंत्र. बोटाच्या टोकाला मेंदी लागली की ते मला ओळखत नाही. नागपंचमीची सुट्टी नसतेच, त्यात यंत्रासमोर उभं राहून तेच बोट उलटसुलट, ओलं करून, पुसून, फुंकर मारून टेकवत राहायचं आणि मागे रांग. म्हणून मागचा हात. आणि वेळ नाही म्हणून साधीच डिझाइन. साधी, पण दिसायला जरा बरी.

ती शोधायचं काम लेकीकडे होतं. तिने फोनवर माझ्यासमोर एकामागून एक हात सरकवले. त्यातल्या एकाही हाताने आजवर नारळ खवलेला नव्हता, हे मी पैजेवर सांगते. बोटं लांबसडक, नखं बदामी, कातडी अशी की खाली हाडं, शिरा काही आहे की नाही कळू नये. माझ्या हातावर फोडणीचा एक जुना डाग आहे, कुकरच्या कडेचा एक पुसट चटका आहे आणि मनगटापासून मधल्या बोटाकडे जाणारी एक ठसठशीत हिरवी शीर आहे. थोडक्यात, वेल माझ्या हातावर आधीच आहे. मेंदीची वेल काढायची तर तिला चुकवूनच.

"आई, हातफूल काढ," लेक म्हणाली. म्हणजे हाताच्या मधोमध गोल, त्यातून पाचही बोटांकडे आणि मनगटाकडे साखळ्या. दागिना घातल्यासारखं दिसतं. पण तो गोल बरोबर मध्यावर लागतो, आणि माझ्या हाताचा मध्य त्या शिरेने बळकावलेला. दुसरा प्रकार नुसत्या बोटांचा. पेरांवर दोन-चार रेघा, टोकाला पान, बाकी हात रिकामा. याला हल्ली मिनिमल म्हणतात. आमच्या सासूबाई त्याला "कोन संपला वाटतं" म्हणतात. शेवटी आम्ही तिरक्या अरेबिक वेलीवर आलो. मनगटाच्या बाहेरच्या कडेला सुरू होते, हात आडवा ओलांडते आणि तर्जनीच्या टोकाला जाऊन थांबते. दोन्ही बाजूंना जागा मोकळी. माझं मत विचाराल तर मागच्या हाताला यापेक्षा चांगलं काही नाही. भरगच्च जाळी मागच्या हातावर काढली की दुरून हातमोजा दिसतो.

पण या मोकळ्या जागेतच सगळी मेख आहे. तळहातावरच्या भरीव नक्षीत काहीही लपतं. हात हलला, रेघ चुकली, तर तिचं पान करायचं, पानाची कोयरी करायची, कोयरीचा मोर करायचा. रिकाम्या जागेत एकटी वेल निघाली की ती जिथे घसरेल तिथे आठवडाभर घसरलेलीच राहते. स्टेशनबाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मेंदी काढणारा पोरगा हे जाणून होता. "भरून काढू का ताई? लवकर होईल," असं तो दोनदा म्हणाला. साध्या वेलीला जास्त वेळ लागतो हे रांगेतल्या बायकांना मात्र पटत नव्हतं. माझ्या मागे बसलेली बाई प्रत्येक पानागणिक उसासा टाकत होती.

शिवाय मागच्या हाताची कातडी जागची हलते. बोटं सरळ ठेवली की पानं एकमेकांना चिकटतात, मूठ वळली की लांब पळतात. पोरगा म्हणाला, हात सैल सोडा. सैल सोडला की मनगट लोंबतं. घट्ट धरला की शीर वर येते. मधली काही अवस्था असते, ती योगासनवाल्यांना जमत असावी.

त्याच्याकडे दुसरा एक कोनही होता. "हा घ्या, दहा मिनिटांत काळाभोर." तो मी घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका. मेंदीचा पाला दहा मिनिटांत कुणाचा हात काळा करत नाही. त्या कोनात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या हातावर वेलीच्या जागी वेलीच्याच आकाराचे फोड उठतात. साध्या कोनावर सोजतचं नाव होतं. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं हे गाव, तिथल्या मेंदीला 2021 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. या कोनातली खरंच तिथून आली होती की उल्हासनगरहून, ते विचारायला मागची बाई वेळ देईना.

मेंदी काढून मी उठले आणि श्रावणसर आली. तेव्हा मला या प्रकाराचं मर्म उमगलं. मागच्या हातावर ओली मेंदी असली की पकडता सगळं येतं, पण हात कशात घालता येत नाही. छत्रीची मूठ धरता येते. पण छत्री पिशवीत, पिशवीत हात जात नाही. पर्समध्ये जात नाही, खिशात जात नाही, पिठाच्या डब्यात जात नाही, पांघरुणात जात नाही. रिक्षातून उतरले तर भाड्याचे पैसे पर्सच्या तळाशी. रिक्षावाला मीटरकडे बघतोय, मी दोन्ही हात भूत आल्यासारखे पुढे धरून उभी. शेवटी तळमजल्यावरच्या काकू धावल्या. त्यांनी माझ्या पर्समध्ये हात घातला आणि पैसे सापडेपर्यंत माझं सगळं आयुष्य वाचून काढलं. दाताच्या डॉक्टरची पावती, लेकीपासून लपवलेलं चॉकलेट, साडीच्या दुकानातलं बिल. बिलावर त्या जरा जास्तच रेंगाळल्या.

"नवी घेतलीस वाटतं? दाखवली नाहीस!"

घरात पाऊल टाकलं तर सासूबाई भेंडी घेऊन बसलेल्या. नागपंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, तळत नाहीत, गॅसवर तवा चढवत नाहीत. पुरणाचे दिंड, तेही उकडलेले. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं सगळं चिरणं आदल्या संध्याकाळी. म्हणजे नेमकं मेंदीच्या वेळी. ज्याने कुणी हे वेळापत्रक लावलं तो नक्की पुरुष असणार आणि त्याच्या घरी भेंडी होत नसणार.

"आई, हात ओला आहे हो."

"मागून ओला आहे. सुरी काय मागून धरतेस?"

नवरा मदतीला आला. तो मनाने चांगला आहे. त्याने सुरी कुठली, भेंडी धुवायची आधी की नंतर, किती मोठी, तिरकी की सरळ, अशी चौकशी सुरू केली आणि तोवर मी भेंडी चिरून झालेही. मेंदीची दोन पानं मात्र त्यात शहीद झाली. एकाच्या जागी आता ठिपका आहे, विचारलं तर मी त्याला कळी म्हणते.

मग लिंबू-साखरेचं पाणी. हे कापसाने टिपायचं, म्हणजे मेंदी लवकर सुकून गळत नाही आणि जास्त वेळ हाताला धरून राहते. त्याने मुंग्याही जास्त वेळ धरून राहतात. त्यानंतर तव्यावर लवंगांची धुरी. "तवा काय तो आजच, उद्या नाही," असं बजावून सासूबाईंनी मूठभर लवंगा टाकल्या. घरभर धूर झाला, शेजारच्यांनी दार वाजवलं. दार उघडायला अर्थातच मी गेले. तळहात मोकळा होता ना. धुरीने रंग चढतो म्हणतात. मला वाटतं त्यात लवंगेपेक्षा उबेचा हात जास्त असावा, पण उबेचं श्रेय कुणी घेत नाही आणि लवंग महाग आहे.

कोनात थोडी मेंदी उरली होती. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "आण, माझ्याही हाताला लाव. ती वेलबिल नको. आमचा आपला चंद्र काढ." त्यांच्या माहेरी परसात मेंदीचं झाड होतं. पाला पाट्यावर वाटायचा, त्यात कात घालायचा आणि बोटानेच थापायचा. तळहाताच्या मध्यावर एक मोठा गोल, भोवती ठिपके आणि पाची बोटांना टोप्या. लेकीने दोन्ही हात चुटकीसरशी उरकले. एकही रेघ नाही, त्यामुळे चुकायला काही जागाच नाही.

आणि मग सासूबाई दोन्ही तळवे वर करून सोफ्यावर बसल्या. त्यांना पाणी मी पाजलं. चष्मा मी वर सरकवला. मालिकेचा चॅनेल मी लावला. वरणभाताचे घास भरवले आणि "मीठ जरा कमी आहे" हेही ऐकून घेतलं.

सकाळी गाडीत निकाल लागला. माझी वेल नारिंगी. गाजराच्या जवळपास. बायकांच्या डब्यात मागचा हात लपत नाही. वरची कडी धरली की तो अख्ख्या डब्याचा होतो.

"अगं बाई! सासूबाईंचं प्रेम जरा पातळच दिसतंय."

मी दिवा स्टेशनपासून समजवायला सुरुवात केली. मेंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते कातडीतल्या केराटिनला जाऊन चिकटतं. तळहाताची, तळपायाची कातडी जाड, म्हणून तिथे रंग गडद. मागच्या हाताची पातळ, म्हणून तिथे फिका. शिवाय खरवडल्यावर तो आधी नारिंगीच दिसतो, हवा लागून एक-दोन दिवसांनी तपकिरी होतो. यात प्रेमाचा काही संबंध नाही. कळव्यापर्यंत सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ठाण्याला उतरताना एकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "होतं गं असं. सांभाळून घ्यायचं."

हे मी संध्याकाळी घरी सांगितलं ते हसण्यासाठी. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. पिकल्या जांभळासारखा रंग. "माझ्या सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली. कोण करतंय गं माझ्यावर प्रेम? तरी बघ."

गाडीच्या ग्रुपवर रात्री एकीचा मेसेज होता. मंगळागौरीला जायचंय, मागच्या हाताची एखादी सोपी, छान डिझाइन असेल तर पाठव ना. मी सासूबाईंच्या तळहाताचा फोटो पाठवला.

"अगं हा तर नुसता गोळा आहे. आणि तळहातावर!"

"हो," मी लिहिलं, "पण भांडी घासावी लागत नाहीत."

खाली लगेच चार-पाच जणींनी अंगठे पाठवले आणि कोन कुठून घेतलास ते विचारलं.